एसओआर आलाय: न कळवलेलं नातं, गाइडलाइन बी आणि ई. वीस दिवसांत उत्तर कसं लिहायचं?

वाटसरू१२

नमस्कार मंडळी. मावसभावाला आलेल्या एसओआरबद्दल विचारतोय, म्हणजे क्लिअरन्स का नाकारला जाऊ शकतो याची कारणं सांगणारी सरकारी नोटीस. त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

तो अमेरिकन नागरिक आहे, नॅचरलाइज्ड. संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर. २०१९ पासून सीक्रेट क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी). २०२२ मध्ये एका मुलीशी ओळख झाली. ती भारतीय नागरिक, इथे स्टुडंट व्हिसावर. २०२३ पासून दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये राहतात, लीजवर दोघांची नावं आहेत. कंपनीच्या एफएसओला (सुरक्षा अधिकाऱ्याला) यातलं काहीच कळवलेलं नाही. २०२४ मध्ये टॉप सीक्रेटसाठी एसएफ-८६ (क्लिअरन्सची प्रश्नावली) भरला, त्यात सेक्शन १७.३ ला (सोबत राहणारा जोडीदार) 'नाही' आणि सेक्शन १९ लाही (परदेशी नागरिकांशी संपर्क) 'नाही'. पहिल्या मुलाखतीत तपासनिसाने परदेशी नागरिकांशी जवळचा संपर्क आहे का असं विचारलं, तिथेही 'नाही'. दुसऱ्या मुलाखतीत तपासनिसाने लीजची प्रत समोर ठेवली, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

आता एसओआर आलाय. पहिला परिच्छेद गाइडलाइन बी (परकीय प्रभाव), दुसरा गाइडलाइन ई (वैयक्तिक वर्तन). हातात पडून नऊ दिवस झाले. त्याचं म्हणणं असं की ती इथेच राहते, आपल्यातलीच आहे, 'परदेशी संपर्क' म्हणजे बाहेरदेशी राहणारी माणसं असं त्याला वाटलं. शिवाय दोघं भाडं निम्मं निम्मं भरतात म्हणून तिला रूममेट धरलं.

१. भारत मित्रदेश आहे, तर बी मध्ये एवढं काय आहे?
२. उत्तरात सगळं मान्य करावं की नाकारावं?
३. सुनावणी मागावी की लेखी निकाल?

टीपकागद

आधी एक गैरसमज काढू, कारण आपल्या लोकांची निम्मी प्रकरणं तिथेच अडतात. या नियमांत 'फॉरेन नॅशनल' म्हणजे जो अमेरिकेचा नागरिक किंवा नॅशनल नाही तो. बस, एवढंच. तो कुठे राहतो याचा संबंध नाही. शेजारच्या घरात वीस वर्षं राहणारा ग्रीनकार्डधारकसुद्धा यात येतो. एच-१बी वरचा मित्र, एफ-१ वरची मैत्रीण, अजून नागरिकत्व न घेतलेली सख्खी वहिनी, सगळे येतात. आपल्या मनात 'परदेशी' म्हटलं की गोरा किंवा चिनी माणूस उभा राहतो आणि आपली माणसं त्यातून आपोआप वगळली जातात. फॉर्म मात्र पासपोर्ट विचारतो.

आता बी आणि ई वेगवेगळे बघा. सीड-४, म्हणजे क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या तेरा गाइडलाइन्स. त्यातली बी म्हणजे परकीय प्रभाव. तिचा सातवा परिच्छेद काय काय अपात्रतेकडे नेतं ते सांगतो आणि आठवा काय त्याचा भार कमी करतं ते. तुमच्या भावाच्या एसओआरमध्ये बहुधा ७-ए असेल, म्हणजे परदेशी व्यक्तीशी असा संपर्क की ज्यातून दबाव, फूस किंवा गैरफायद्याचा वाढीव धोका निर्माण होतो. ७-ई असेल, म्हणजे अशा व्यक्तीबरोबर एकाच घरात राहणं. आणि ७-सी, म्हणजे कळवायला हवं असताना न कळवणं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ७-ए आणि ७-ई मध्ये देश कोणता याला वजन आहे. चीन, रशिया, इराण यांच्या तुलनेत भारत पुष्कळ हलका पडतो. मुलीच्या घरचे लोक काय करतात हे नीट मांडलं तर हा भाग सावरता येतो. पण मित्रदेश म्हणून प्रश्न संपत नाही, कारण मित्रदेशांचेही हितसंबंध वेगळे असू शकतात, हे या निकालांमध्ये वारंवार सांगितलेलं आहे. आणि ७-सी ला देशाशी देणंघेणंच नाही. माणूस कुठल्याही देशाचा असो, कळवलं नाही ते नाहीच.

खरं संकट ई मध्ये आहे. ई म्हणजे वैयक्तिक वर्तन. १६-ए फॉर्मवर मुद्दाम माहिती लपवल्याबद्दल, १६-बी तपासनिसाला खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगितल्याबद्दल. इथे न्यायाधीश त्या मुलीकडे बघतच नाही, तुमच्या भावाकडे बघतो. त्यामुळे बी पूर्ण त्याच्या बाजूने लागून फक्त ई वर क्लिअरन्स नाकारला जाऊ शकतो, आणि जातोही. कळवलं असतं तर ज्या नात्यावर फार तर एक पान चौकशी झाली असती, तेच नातं न कळवल्यामुळे नोकरीवर येतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रूममेटचा मुद्दा. सेक्शन १७.३ मध्ये 'कोहॅबिटंट' ची व्याख्या प्रश्नातच छापलेली आहे: जिच्याशी प्रेमाचे, जबाबदारीचे किंवा बांधिलकीचे बंध आहेत अशी सोबत राहणारी व्यक्ती. केवळ सोयीसाठी सोबत राहणारा रूममेट त्यातून वगळलेला आहे. म्हणजे भाडं कोण किती भरतं हा निकष नाहीच. दोन वर्षांची प्रेयसी रूममेट ठरत नाही. आणि समजा ती खरोखर फक्त रूममेट असती, तरी टॉप सीक्रेटवाल्याला ३० दिवसांपेक्षा जास्त सोबत राहणारा परदेशी रूममेटही कळवावा लागतो. हा बचाव त्याने पुढे करू नये. तो वाचून न्यायाधीशाला वाटेल की माणूस अजूनही शब्दांच्या आड लपतोय.

सरळउत्तर

वेळेचं आधी. एसओआर मिळाल्यापासून २० दिवसांत उत्तर पोचायला हवं. तुमचे नऊ गेले, अकरा उरले. सबळ कारण असेल तर मुदतवाढ मिळू शकते, पण ती मुदत संपायच्या आत आणि लेखी मागायची. मुदत चुकली तर त्याचं म्हणणं न ऐकताच प्रकरण त्याच्याविरुद्ध बंद होऊ शकतं. एवढं एक कधीही होऊ देऊ नका.

कंत्राटदारांची प्रकरणं डीओएचएकडे जातात, म्हणजे संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपील कार्यालयाकडे. कार्यपद्धती डायरेक्टिव्ह ५२२०.६ ची. त्याच्या मुळाशी १९६० चा कार्यकारी आदेश १०८६५ आहे, त्यानेच कंत्राटी कर्मचाऱ्यांना लेखी कारणं आणि सुनावणी यांचा हक्क मिळाला. सैन्यातली माणसं आणि थेट सरकारी नोकर यांचे टप्पे थोडे वेगळे असतात, गुप्तचर संस्थांचे आणखी वेगळे. मी लिहितोय ते कंत्राटदारांसाठी.

उत्तर शपथेवर द्यायचं असतं. नोटरीसमोर सही करा, म्हणजे त्यावर वाद राहत नाही. एसओआरमध्ये १.ए, १.बी, २.ए असे आरोप असतात. प्रत्येकापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायचं. 'मला सर्व आरोप अमान्य आहेत' असं एका ओळीत लिहिलेलं चालत नाही, ते परत येतं आणि दिवस वाया जातात.

दुसरा प्रश्न. जे घडलं ते मान्य करायचं. अवघड जागा २.ए ची आहे, कारण तिथे आरोपात 'मुद्दाम' हा शब्द असतो. नुसतं 'मान्य' लिहिलं तर हेतूही मान्य होतो. नुसतं 'अमान्य' लिहिलं तर लीज त्यांच्या हातात असताना वस्तुस्थिती नाकारल्यासारखं दिसतं. म्हणून वाक्य तोडून लिहायचं. मूळ इंग्रजीत जाईल, आशय असा:

"१.ए: मान्य. मी मार्च २०२३ पासून भारतीय नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर राहतो.
१.बी: मान्य. हे नातं मी एफएसओला कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही.
२.ए: सेक्शन १७.३ व १९ मध्ये मी तिची नोंद केली नाही, हे मान्य. ती मुद्दाम लपवली, हे अमान्य. स्पष्टीकरण पुढे."

(महिना उदाहरणापुरता. लीजवर जो असेल तोच घाला.)

पण ही शेवटची ओळ ती खरी असेल तरच लिहा. नुसती नोंद राहिली यावरून हेतू सिद्ध होत नाही, हे तत्त्व पक्कं आहे. आरोप अमान्य केला तर 'मुद्दाम' हे सरकारला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी न्यायाधीश शिक्षण, अनुभव, आधीचा फॉर्म, बाकीची उत्तरं, सगळं एकत्र बघतो. तुमच्या भावाच्या विरोधात जड गोष्ट पहिली मुलाखत आहे. फॉर्म समजला नाही हे पटू शकतं. समोर बसलेल्या माणसाने साध्या भाषेत विचारल्यावरही 'नाही' म्हटलं, तिथे गैरसमजाचं कारण तोकडं पडतं. मुलाखतीत त्या क्षणी मनात भीती होती, एफएसओला आधी सांगितलं नव्हतं ते उघडं पडेल असं वाटलं, असं जर असेल तर तसंच लिहावं आणि २.बी (मुलाखतीतल्या खोट्या उत्तराचा आरोप) सरळ मान्य करावा. त्याने खोटं बोललं हे सिद्ध होईलच, पण त्याला आता खरं बोलता येतं हेही त्यातूनच दिसेल. साक्षीत वाद घालून शेवटी न्यायाधीशाने 'विश्वासार्ह वाटत नाही' असा शेरा मारला तर बाकीचा सगळा पुरावा त्याच्याखाली बुडतो. अपीलातही तो शेरा सहसा हलत नाही.

आता तिसरा प्रश्न. सुनावणी मागा.

सुनावणी न मागितल्यास सरकारी वकील कागदांचा संच तयार करून पाठवतो, त्याला फॉर्म म्हणतात (एसएफ-८६ वाला नव्हे, हा वेगळा). तो मिळाल्यावर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आणि मग न्यायाधीश कागदावरून निकाल देतो. कर्जाच्या, थकबाकीच्या प्रकरणात हे कधी कधी ठीक असतं, कारण तिथे पावत्याच बोलतात. इथे अख्खा प्रश्न 'हा माणूस खरं सांगतोय का' एवढाच आहे. ते कागदावरून ठरवायला लावणं म्हणजे आपली एकमेव संधी सोडून देणं.

पाऊलवाट

विषय थोडा पुढचा आहे, पण जवळचा म्हणून इथेच विचारते. माझ्याकडे एसओआर वगैरे काही नाही. एसएफ-८६ नुकताच ईअ‍ॅपवर (फॉर्म भरायच्या सरकारी साइटवर) सबमिट झालाय, मुलाखत अजून व्हायची आहे. हे वाचून लक्षात आलं की सेक्शन १९ मध्ये मी कोणाचंच नाव दिलेलं नाही. आईवडील आणि भाऊ १८ मध्ये (नातेवाइकांच्या सेक्शनमध्ये) आहेत. पण पुण्यातल्या आत्तेबहिणीशी रोज बोलणं होतं, ती राहिली. शिवाय गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलंय, तेही कुठे लिहिलेलं नाही. आता काय करता येईल? मुलाखतीपर्यंत थांबू का?

टीपकागद

थांबू नका. या आठवड्यातच कळवा. तुमच्या आणि वाटसरूंच्या भावाच्या प्रकरणात फरक फक्त एका तारखेचा आहे, आणि तो फरक फार मोठा आहे.

गाइडलाइन ई चा १७-ए सांगतो: चूक उघड करून समोर ठेवली जाण्याआधी, तत्परतेने आणि प्रामाणिकपणे ती दुरुस्त केली असेल तर तिचा भार कमी होतो. तुम्हाला अजून कोणीच काही दाखवलेलं नाही, म्हणजे तुम्ही पूर्णपणे या सवलतीच्या आत आहात. त्यांनी मात्र लीज टेबलावर आल्यावर सांगितलं, त्यामुळे १७-ए त्यांच्या हातून गेला. मुलाखतीपर्यंत थांबून तिथे स्वतःहून, पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तरी ते साधारणपणे चालतं. पण मुलाखत कधी लागेल सांगता येत नाही, आणि मधल्या काळात तपासनीस दुसऱ्या कोणाशी बोलला तर क्रम उलटा होतो. म्हणून एफएसओला आज ईमेल. विषय: एसएफ-८६ मधील दुरुस्ती. मजकूर चार ओळींचा पुरे: कोणत्या सेक्शनमध्ये काय राहिलं, खरी माहिती काय, कसं लक्षात आलं, पुढे कशी नोंदवायची. त्या ईमेलची तारखेसकट प्रत घरी ठेवा. तोंडी सांगितलेलं वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

आत्तेबहिणीबद्दल. सेक्शन १८ मध्ये नातेवाइकांची ठरलेली यादी आहे: आईवडील, सावत्र व दत्तक नाती, भावंडं, मुलं, सासूसासरे वगैरे. चुलत, मामे, आते, मावस भावंडं त्यात नाहीत. काका, मावशी, आत्याही नाहीत. आपल्याकडे चुलत भाऊ सख्ख्यासारखाच असतो आणि 'कुटुंबाचं १८ मध्ये झालं' असं वाटून जातं. पण सेक्शन १९ चा प्रश्न नीट वाचा: गेल्या सात वर्षांत जवळचा किंवा सातत्याचा संपर्क, आणि प्रेम, प्रभाव, समान आवड किंवा बांधिलकी यांचा बंध, तुमचा किंवा तुमच्या नवऱ्याचा. त्यातच म्हटलंय की १८ मध्ये न आलेले नातेवाईकही इथे धरावेत. म्हणजे रोज बोलणारी आत्तेबहीण इथे नक्की. चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सणाला शुभेच्छा टाकणारे दूरचे भाऊ नकोत, त्या प्रत्येकाशी तुमचा बंध नाही. रेषा संपर्काच्या साधनावर ओढायची नसते, नात्यावर ओढायची असते. जिच्याशी कधी भेट झालेली नाही पण वर्षभर रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो अशी व्यक्तीही द्यावी लागते. डेटिंग अ‍ॅपवरची ओळख इथेच फसवते.

नोंद करताना फॉर्म काय मागतो: पूर्ण नाव, पहिला व शेवटचा संपर्क अंदाजे कधी, कशाने (प्रत्यक्ष, फोन, इलेक्ट्रॉनिक, पत्र), किती वेळा (रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाही, वर्षाला), नात्याचं स्वरूप, नागरिकत्व, जन्मतारीख, पत्ता, मालक कंपनी, आणि त्या व्यक्तीचा परदेशी सरकार, लष्कर, सुरक्षा यंत्रणा वा गुप्तचर संस्थेशी संबंध. तारीख नक्की नसेल तर 'अंदाजे' ची खूण करा. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असतं, ते वापरा. सगळ्यात जास्त घोळ 'किती वेळा' या रकान्यात होतो. रोजचं बोलणं असताना कमी दिसावं म्हणून 'महिन्याला' लिहितात, आणि पुढे फोनच्या नोंदी निघाल्या की एक निरुपद्रवी बहीण ई चा आरोप होऊन बसते.

सातबारा. सेक्शन २०-ए मध्ये परदेशातल्या स्थावर मालमत्तेचा प्रश्न 'कधीही' असा आहे, सात वर्षांचा नाही, आणि पुढे मालकी येणार असेल तर तेही विचारलंय. वारस म्हणून नाव लागलेलं असेल तर हिस्सा किती, अंदाजे किंमत किती, कसा मिळाला, एवढं द्यायचं. दहा गुंठ्यांतला सहावा हिस्सा असला तरी द्यायचा. त्याने कोणाचा क्लिअरन्स जात नाही. आठव्या परिच्छेदातला ८-एफ याचसाठी आहे: मालमत्तेचं मूल्य किंवा स्वरूप असं की त्यावरून कोणी तुम्हाला वाकवू शकणार नाही. त्याच सेक्शनमध्ये बँक खात्यांचा आणि परदेशी नागरिकाला आर्थिक मदत केल्याचा प्रश्नही आहे, तोही 'कधीही' चा. जुनं एनआरओ खातं (अनिवासी भारतीयाचं भारतातलं बँक खातं), आईवडिलांना दर महिन्याला जाणारे पैसे, भाच्याची फी, हे सगळं एकदा तपासून घ्या. दुरुस्ती एकाच ईमेलमध्ये पूर्ण होऊ दे. तीन आठवड्यांत तीन दुरुस्त्या गेल्या तर 'अजून काय काय राहिलंय' असा प्रश्न उभा राहतो.

मधलीओळ

टीपकागदांच्या माहितीत एक जोड. क्लिअरन्स मिळाल्यावर काय कळवायचं हे सीड-३ ठरवतं, जून २०१७ पासून. कंत्राटदारांना ते निस्पॉम नियमातून (गोपनीय काम करणाऱ्या कंपन्यांच्या सुरक्षा नियमातून) लागू झालं, म्हणजे ३२ सीएफआर भाग ११७, २०२१ मध्ये. त्यात पातळीप्रमाणे फरक आहे आणि लोक तिथे गोंधळतात. परदेशी बँक खातं, परदेशी मालमत्ता, लग्न, सोबत राहणं, परदेशी रूममेट, हे टॉप सीक्रेट आणि त्या दर्जाच्या पदांना. पण प्रेमाचं, वैयक्तिक बांधिलकीचं किंवा शारीरिक जवळिकीचं सातत्याचं नातं परदेशी नागरिकाशी असेल तर ते सीक्रेटवाल्यालाही कळवावंच लागतं. वाटसरूंच्या भावाला 'सीक्रेटला सोबत राहणं कळवावं लागत नाही' असा मुद्दा कोणी सुचवला तर त्याने तो घेऊ नये. नातं २०२२ चं आहे आणि कर्तव्य तेव्हा लागू होतं. एकदा कळवल्यावर मात्र दर महिन्याला नको, नात्यात मोठा बदल झाला तरच. साखरपुडा म्हणजे मोठा बदल.

खासगी परदेश प्रवासही सगळ्या पातळ्यांना आधी कळवायचा असतो. अचानक घडलेला असेल, सीमेपलीकडे एका दिवसाची चक्कर वगैरे, तर परतल्यावर कामाच्या पाच दिवसांत. दोघांनी मिळून कुठे प्रवास केला असेल आणि तो एकट्याचा म्हणून सांगितला असेल, तर तेही उत्तरात आत्ताच स्पष्ट करा. विमानप्रवासाच्या नोंदी सरकारकडे असतात.

वाटसरू१२

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याला हे दाखवलं. मुलाखतीत घाबरून 'नाही' म्हटल्याचं त्याने माझ्याजवळ कबूल केलं, तो २.बी मान्य करणार आहे. पुढचे प्रश्न:

दोघांचं लग्न करायचं ठरत होतं. आता घरचे म्हणतात की निकाल लागेपर्यंत तिला वेगळं राहू द्या. काही म्हणतात लगेच रजिस्टर लग्न करा. कशाने फायदा होईल?

तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, आई राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. हे 'परदेशी सरकारशी संबंध' मध्ये येतं का? आणि सुनावणीत कोणते कागद लागतील?

सरळउत्तर

क्लिअरन्ससाठी लग्नही करू नये आणि वेगळंही होऊ नये. वेगळं राहण्याने आरोप जात नाही, कारण आरोप न सांगितल्याचा आहे. उलट सुनावणीत सरकारी वकील विचारेल, आजही रोज बोलता ना? हो म्हटलं की घर बदलणं हा देखावा ठरतो. दोघांना लग्न करायचंच असेल तर त्यांच्या वेळेने करावं आणि त्याच दिवशी एफएसओला कळवावं. लग्न झालं की सासूसासरेही नोंदीत येतात, ते ओघाने आलंच.

वडील आणि आई: होय, लिहायचं. जिल्हा परिषद ही सरकारी यंत्रणा आहे आणि राष्ट्रीयीकृत बँक सरकारच्या मालकीची. एसटीतले कंडक्टर, वीज मंडळातले वायरमन, तलाठी, सगळ्यांना हेच लागू. 'मास्तर होते, त्यात सरकार कुठे आलं' असं म्हणून 'संबंध नाही' वर खूण करायची आणि मग पेन्शन राज्य सरकारकडून येते हे निघायचं, हा विनाकारण ओढवून घेतलेला त्रास आहे. एका वाक्यात लिहा: प्राथमिक शिक्षक, अमुक साली निवृत्त, राज्याची पेन्शन, लष्कर, पोलीस वा गुप्तचर यंत्रणेशी कधीही संबंध नाही. अशा पदांनी बी मध्ये फारसं बिघडत नाही. लष्कर, संरक्षण संशोधन, पोलीस गुप्तवार्ता यांपैकी कोणी असतं तर चित्र वेगळं झालं असतं.

कागद. सरकारचे पुरावे क्रमांकाने जातात, अर्जदाराचे अक्षरांनी: ए, बी, सी. न्यायाधीशाला आणि सरकारी वकिलाला आधीच एकेक संच पाठवा. त्यात असावं:

तिचं शपथेवरचं निवेदन: शिक्षण, व्हिसा, घरच्यांचे व्यवसाय, भारतातल्या सरकारी यंत्रणेशी कोणाचा काय संबंध, तो काय काम करतो याची तिला किती माहिती आहे. ती साक्षीला आली तर आणखी चांगलं.

त्याची अमेरिकेतली मुळं: घर किंवा निवृत्ती बचत, कर भरल्याच्या नोंदी, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, इथले भाऊबहीण. ८-बी मध्ये अमेरिकेशी असलेले खोल आणि जुने संबंध मोजले जातात. समोर भारतातल्या मालमत्तेची बेरीजही प्रामाणिकपणे मांडा, म्हणजे तुलना दिसते. ओसीआय कार्ड असेल तर सांगा. भारतीय कायद्याने ते नागरिकत्व नाही. जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट जोडा.

कळवल्याचा पुरावा: दुसऱ्या मुलाखतीनंतर तरी एफएसओला लेखी कळवलं का? नसेल तर उद्या सकाळी कळवा. एसओआर आल्यावरही ते राहिलेलं असेल तर बाकीच्या पश्चात्तापाला कोणी विचारत नाही. हे कळवणं १७-ए मध्ये बसणार नाही, पण १७-डी आणि १७-ई मध्ये मोजलं जातं, म्हणजे चूक कबूल करणं, वागणं बदलणं आणि आता त्याला कोणी धमकावू शकेल असं काही शिल्लक न ठेवणं. हे नातं आईवडिलांनाही माहीत नसेल तर तेही सांगून टाकायला हवं. घरापासून लपवलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या हातातली दोरी.

शिफारसपत्रं: तीन ते पाच पुरेत. साहेब, सहकारी, एफएसओ. प्रत्येकाने एसओआर वाचल्याचं पत्रात स्पष्ट लिहावं. 'अत्यंत प्रामाणिक कर्मचारी' असं लिहिणाऱ्याला आरोपच माहीत नसेल तर त्या पत्राला वजन राहत नाही. लाज वाटते म्हणून लोक साहेबाला एसओआर दाखवत नाहीत आणि सगळ्यात कामाचा कागद गमावतात.

'एफएसओने सांगितलं कळवायची गरज नाही' असा बचाव १७-बी मध्ये आहे, पण त्यासाठी तसा ईमेल हवा. नसेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

वकील सरकार देत नाही, स्वतःच्या खर्चाने ठेवता येतो. या प्रकरणात ठेवाच. निदान उत्तर पाठवायच्या आधी एकदा दाखवा, कारण 'मान्य' लिहिलेलं मागे घेता येत नाही म्हटलं तरी चालेल. डीओएचएचे निकाल नावं काढून प्रसिद्ध होतात. बी आणि ई दोन्ही असलेले दहा निकाल त्याने स्वतः वाचावेत. न्यायाधीश कोणत्या वाक्यावर थांबतो ते त्यात दिसतं.

सुनावणीची सूचना किमान १५ दिवस आधी येते. सरकारला फक्त नाकारलेल्या गोष्टी सिद्ध करायच्या असतात, भार कमी करणारा सगळा पुरावा अर्जदाराने द्यायचा. शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवायची असा नियम आहे. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, हे १९८८ मध्ये ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. म्हणून 'त्यांनी सिद्ध करावं' या पवित्र्यात जाऊ नका.

निकाल विरुद्ध गेला तर निकालाच्या तारखेपासून १५ दिवसांत अपीलाची सूचना आणि ४५ दिवसांत लेखी म्हणणं. अपीलात नवा पुरावा घेत नाहीत, म्हणून जे द्यायचं ते सुनावणीतच. अंतिम नकारानंतर मूळ निकालापासून एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. त्यानंतरही स्वतःहून करता येत नाही, कंपनीने नाव पाठवावं लागतं. आणि पुढच्या प्रत्येक एसएफ-८६ मध्ये सेक्शन २५ ला हा नकार नोंदवायचा, तो प्रश्नही 'कधीही' चा आहे.

एक शेवटची गोष्ट त्याला आजच विचारा: कंपनी त्याला या पदावर ठेवणार आहे का? सुनावणी सुरू व्हायच्या आधी कंपनीने नाव मागे घेतलं तर प्रकरण तिथेच थांबतं, त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही, आणि एसओआर मात्र नोंदीत राहतो. साहेबाशी बोलायचं हे आणखी एक कारण.

पाऊलवाट

एफएसओला ईमेल गेला. सेक्शन १९ मध्ये दोन नावं, २०-ए मध्ये सातबारा आणि एनआरओ खातं. त्यांनी एका तासात उत्तर दिलं की नोंद तपासनिसाकडे पाठवली आहे, मुलाखतीत पुन्हा सांगा. बारा टक्के हिश्श्याची किंमत कशी काढायची हे मात्र अजून कळत नाही.

टीपकागद

तालुक्याचा रेडी रेकनर दर घ्या, हिश्श्याने गुणा, त्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये आणा आणि 'अंदाजे' ची खूण करा. शेऱ्यात एक ओळ टाका की जमीन वाटून झालेली नाही आणि उत्पन्न येत नाही, तसं असेल तर. हिशेब केलेला कागद मुलाखतीला सोबत न्या.